पाण्यामागे पळालेला उन्हाळा : भंडारदऱ्याला तंबूंच्या कामावर आम्ही दोघं

खडूफळा :

शाळा सुरू झाल्यापासून स्टाफरूममध्ये एकच वाक्य ऐकते आहे. "तळ्याकाठी उन्हाळा! मज्जा आहे बुवा तुमची." प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे लिंक फिरवता येईल.

नवरा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. दिवाळीनंतर व्हीआरएस घेतली आणि तीन महिन्यांत घरातला प्रत्येक नळ दोनदा दुरुस्त करून झाला. त्याच्या खात्यातले एक जण आधीच नोकरी सोडून गावी गेले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गाव भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, तालुका अकोले. स्वतःच्या बांधावर चौदा तंबू टाकून त्यांनी धंदा सुरू केला होता. मार्चमध्ये मोटरसायकलवरून पडले, पायात रॉड घातला. फोन आला, "पाऊस पडेपर्यंत घरचं माणूस पाहिजे. येता का?" नवऱ्याने मला विचारायच्या आधीच हो म्हटलं. (ते भांडण इथे लिहीत नाही.) तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला. मी पेपर तपासून, १ मेला निकाल लावून, दुसऱ्या दिवशी घोटीमार्गे पोचले.

एप्रिलमध्ये त्याने फोटो पाठवला होता : दोन तंबू, पुढे लगेच पाणी, पाण्यात डोंगर उलटा. मी गेले तेव्हा तंबू तिथेच होते, पाणी नव्हतं. मी मोजली, दोनशे दहा पावलं. मधे भेगाळलेला गाळ, वाळलेलं शेवाळ आणि एक कुत्रं. म्हटलं, तळं कुठंय? नवरा म्हणाला, "आवर्तन सुटलंय."

मला आवर्तन म्हणजे तबल्याचं माहीत. हे आवर्तन म्हणजे खालच्या शेतीसाठी धरणातून ठरलेल्या पाळीने सोडायचं पाणी. ते सुटलं की आमचा काठ रोज थोडा थोडा खाली सरकायचा. गिऱ्हाईकाला हे सांगा! त्यांना जाहिरातीत ऑक्टोबरचा फोटो दिसलेला असतो. शनिवारी गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न "लेक टच कुठंय?" दादांचं एक पक्कं होतं, तंबू खाली न्यायचे नाहीत. खालची जमीन बुडीत क्षेत्रातली, जलसंपदाची. आमच्या शेजारच्या दोघांनी तंबू सरळ गाळावर नेले आणि आमची चार बुकिंगं त्यांच्याकडे गेली. आम्ही फक्त खुर्च्या खाली न्यायचो. संध्याकाळी चाळीस खुर्च्या खाली, रात्री चाळीस खुर्च्या वर. कंबर आहे का गेली ते अजून बघते आहे.

पाणीही वर आणायचं तेच, म्हणजे संडास-बाथरूमचं. (प्यायचे जार जवळच्या शेंडी गावाहून.) मला वाटायचं पाणी लांब गेलं की पाइप वाढवायचा, झालं. नवऱ्याने फळ्यासमोर उभं केल्यासारखं शिकवलं. वर ठेवलेली साधी मोटर सात-आठ मीटरपेक्षा खालचं पाणी ओढूच शकत नाही, कितीही जोराची असो. ढकलेल मात्र त्याहून पुष्कळ वर. म्हणून पाणी उतरलं की मोटरच खाली न्यायची. दर चार-पाच दिवसांनी तो, दादांचा पुतण्या आणि मी अशी वरात निघायची. पुढे मोटर, मागे केबल, शेवटी माझ्या हातात फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला बसवायची जाळीची झडप) आणि पाणी भरायला तांब्या. फूट व्हॉल्व्हला गाळ बसला की मोटर हवा घेते, नुसती ओरडते, पाणी नाही. मग तो काढायचा, जुन्या टूथब्रशने जाळी घासायची, पाइपात तांब्या-तांब्याने पाणी भरायचं, बटण दाबायचं आणि दोघांनी पाइपाला कान लावून बसायचं. एका रविवारी सकाळी सात वाजता, वर सव्वीस माणसं संडासापुढे रांगेत, आणि आम्ही दोघं खाली पाइपाला कान लावून. त्या क्षणी आमच्यात जो संवाद झाला तो पंचवीस वर्षांत झाला नव्हता.

सकाळचे पोहे माझ्याकडे. पस्तीस माणसांना तीन किलो जाडे पोहे लागतात. एकदम भिजवले की खालचे लगदा होतात, हे पहिल्याच शनिवारी कळलं. नंतर किलो-किलोने मोठ्या चाळणीत, एकीकडे फोडणी तयार ठेवून. रात्रीचा स्वयंपाक वहिनींकडे. पिठलं, भाकरी, भात, ठेचा, शिवाय कोंबडी. त्यांच्या भाकरीच्या वेगापुढे मी कणीकही मळली नाही, फक्त ताटं वाढली.

संडास मीच धुवायचे. एकदा हातात ब्रश नि बादली घेऊन बाहेर आले तर समोर माझ्याच वर्गातल्या मुलाची आई. "टीचर, तुम्ही इथे?" मी म्हटलं, "हो, आणि आत पाणी कमी वापरा." पालकसभेतसुद्धा इतकं थेट बोललेले नाही.

आता तंबूंचं. नवऱ्याने जाताच सगळ्यांवर काळ्या मार्करने नंबर टाकले होते, कारखान्याची सवय. मे महिन्यात दुपारनंतर डोंगरावर ढग काळा झाला की वळीव यायची भीती. वळवाचा पाऊस एक वेळ परवडतो, त्याच्या पुढे जो वारा सुटतो तो परवडत नाही. त्याचा नियम होता की ढग दिसला की तंबूचे रॉड काढायचे, तंबू जमिनीवर बसवायचा, वर दगड. एका शनिवारी अकरा तंबू भरलेले. मी म्हटलं, "लोकांचं सामान आत आहे, ते आत्ताच भजी खायला बसलेत, दहा मिनिटं थांब." थांबला. सहाव्या मिनिटाला वारा आला. पाच तंबू उखडले. चार कुंपणात अडकले. नऊ नंबरचा नारंगी, नशिबाने रिकामा, उभाच्या उभा उठला, गडगडत गाळ ओलांडून गेला आणि पाण्यात जाऊन बदकासारखा बसला. सगळे भजी हातात धरून बघत होते. मग पाऊस आला आणि तो दिसेनासा झाला. खुंट्या मात्र जमिनीत होत्या तशाच होत्या. रात्री एकवीस माणसं दादांच्या पडवीत आणि ओसरीवर झोपली. दादांच्या आईंनी सुकत घातलेला बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) आधी आत घेतला, मग माणसं. नवरा त्यावर आजतागायत काही बोललेला नाही. फक्त "दहा मिनिटं" हा शब्द घरात वापरता येत नाही.

काजव्यांचं वेगळं लिहिते, जेवण करून येते.

---

उपवासाची_मिसळ :

वाचतोय. "नशिबाने रिकामा" इथे श्वास सुटला. हिशेबाचंही लिहा ना. आम्ही दोघंही असलं काही करायच्या विचारात आहोत, पन्नाशीनंतर.

---

घाटवाट :

मस्त लिहिलंय. मी रतनगडाला कितीतरी वेळा त्या रस्त्याने गेलोय, रतनवाडीच्या अमृतेश्वरापाशी गाडी लावून. काठावर तंबू वाढत गेलेले दिसतात, पण त्यांच्यामागे कोणीतरी तांब्याने पाइप भरत असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. एक भर : तंबू काढताना खालची शीट सरळ उचलू नका. वळवानंतर तिच्याखाली विंचू असतो. आधी एक टोक उचलून झटकायचं, मग हात घालायचा.

---

खडूफळा :

@घाटवाट, विंचू दोन निघाले. दोन्ही पुतण्याने चिमट्याने उचलून लांब टाकले, मी खुर्चीवर उभी होते.

@उपवासाची_मिसळ, माणशी हजार ते बाराशे. त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, तंबू. पण एजंटकडून आलेल्या माणसामागे दादांच्या हातात सातशे-आठशेच पडायचे. आम्हाला राहणं-जेवण, आणि खर्च जाऊन उरलेल्यातला चौथा हिस्सा असं ठरलं होतं. तो अडीच महिने, मी दीड. दोघांचे मिळून छत्तीस हजार झाले. त्यातले सहा पुण्याला आल्यावर त्याच्या कंबरेच्या डॉक्टरला. पैशासाठी जाणार असाल तर जाऊ नका. सोमवार ते गुरुवार कुणी नसतं. तेव्हा दोघांनी करायचं काय, याचं उत्तर आधी घरी बसून काढा. आम्ही दोघं करवंदं काढायला जायचो आणि न बोलता परत यायचो. वाईट अर्थाने नव्हे.

---

डलासची_मावशी :

आमच्या इकडे याची मोठी जमात आहे. निवृत्त जोडपी स्वतःची घरगाडी घेऊन तळ्याकाठच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर उन्हाळाभर 'कॅम्प होस्ट' म्हणून राहतात. जागा, वीज, पाणी फुकट, बदल्यात आठवड्याचे काही तास काम. आलेल्यांना जागा दाखवायची, शेकोटीचे खड्डे साफ करायचे, रात्री दहानंतर आवाज करणाऱ्यांना दटवायचं. आमच्या ओळखीतले एक गुजराती काका-काकू तीन उन्हाळे गेले. काकू म्हणतात, लोकांना दटवण्याचा पगार मिळाला असता तर त्या करोडपती झाल्या असत्या. तुमच्याकडे आवाजाचं काय?

---

निशाचर :

धागाकर्तीबद्दल वैयक्तिक राग नाही, पण सगळे "मस्त मस्त" करताहेत म्हणून लिहितो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. अभयारण्याच्या उंबऱ्यावर हे तंबू, स्पीकर, शेकोट्या, गाड्यांचे हेडलाइट. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. पंख फुटलेला काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्याआधीचं सगळं आयुष्य अळी म्हणून, ओल्या मातीत गोगलगायी खाण्यात. त्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही झाडावर झोत टाकला की साद दिसत नाही, जोडी जमत नाही, विषय संपला. शिवाय अळ्या आणि अंडी तुमच्या गाड्यांच्या चाकांखाली. सांगा आता.

---

उपवासाची_मिसळ :

+१ निशाचर. पण मग गावातल्या माणसांनी खायचं काय, तेही सांगा.

---

खडूफळा :

@निशाचर, तुमचं बरोबर आहे आणि मी वाद घालणार नाही. काय झालं ते सांगते.

आमचं स्वयंपाकघर वर, शेवटचे तंबू खाली उतारावर. मधे ओरडून ऐकू जात नाही. म्हणून आम्ही दोघांनी टॉर्चची खूण ठरवली होती. एकदा पेटवला की चहा तयार, दोनदा म्हणजे वर ये, तीनदा म्हणजे गिऱ्हाईक भांडतंय, लवकर ये. मे महिनाभर झकास चाललं. चोवीस-पंचवीस तारखेच्या सुमाराला एका रात्री मी एकदा टॉर्च पेटवला आणि पलीकडच्या सादड्याच्या झाडाने उत्तर दिलं. आधी एक ठिपका, मग वीस, मग सबंध झाड एका लयीत लागतंय आणि विझतंय. मला वाटलं नवरा माळ लावून चेष्टा करतोय. तो खाली अंधारात उभा राहून तेच बघत होता आणि चहाला आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आजींनी, म्हणजे दादांच्या आईंनी सुनावलं, "आता बॅटऱ्या बंद." टॉर्च गेला. मग मी ताट वाजवून बघितलं, त्याला नवऱ्याने मनाई केली, लोक झोपलेत म्हणून. शेवटी प्रत्येक निरोपाला मीच चालत खाली जायचे. अंधारात, हाताने कुंपणाची तार चाचपत.

वीस वॉटचे पांढरे दिवे काढून टाकले. शाळेच्या गॅदरिंगचे लाल जिलेटिन कागद माझ्या बॅगेत होते (शिक्षिकेच्या बॅगेत काय नसतं), ते दोन दिव्यांना गुंडाळले. लाल उजेडाचा त्यांना कमी त्रास होतो असं वनखात्याच्या माणसाने सांगितलं होतं. स्पीकर बंद, शेकोटी बंद, गाड्या संध्याकाळी रस्त्यालगतच. तीन ग्रुप चिडून गेले. एकाने "काजवा टच नाही" म्हणून एक स्टार दिला. @डलासची_मावशी, आवाजाला दटवायचं काम माझ्याकडे होतं आणि वर्गातला आवाज लावला की मोठमोठे बाप्ये खाली बसायचे.

एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, बरणीत सात काजवे घेऊन आला. झाकणाला भोकं पाडलेली, म्हणजे घरून तयारीने. मी त्याला म्हटलं, यातला प्रत्येक जण कुणालातरी हाक मारतोय आणि तू दार लावून घेतलंयस. त्याने झाकण काढलं. चार उडाले. तीन उडाले नाहीत. तो बराच वेळ बरणी आडवी धरून बसला होता, मग आईने ओढून नेलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही एका काठावर लाल कागद लावले, पलीकडच्या काठावरून त्याच रात्री डीजेचे झोत आमच्या झाडापर्यंत पोचत होते.

---

शेंडीफाटा :

मी तिथलाच. सध्या नाशिकला कामाला. खूप दिवसांनी कोणीतरी आमच्याकडचं "फोटो काढा नि पळा" सोडून लिहिलं.

आवर्तनाचं थोडं सांगतो. धरण इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतलं, १९२६ ला पुरं झालं. विल्सन डॅम म्हणतात ते. ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं, पण ते आमच्यासाठी नाही. प्रवरा नदीतून खाली निळवंडे धरणात, तिथून पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे. खालचा ऊस त्याच्यावर उभा राहिला, कारखाने त्याच्यावर उभे राहिले. आमच्या आजोबांच्या पिढीपासून ऐकतोय, धरण उशाला आणि कोरड घशाला. मे महिन्यात आमच्या बाया विहिरीत उतरून वाटीने पाणी भरताना आम्ही बघितल्यात आणि समोर जलाशय. घाटघरला पाऊस इतका की नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, तो सगळा उतारावरून खाली.

@निशाचर, तुमचं म्हणणं खरं आहे. पण पूर्वी आमची माणसं भात काढून झाला की जुन्नर-नारायणगावकडे मजुरीला जायची, पावसाळ्याच्या तोंडाला राब (भाताच्या रोपांची जमीन) भाजायला परत. आता पोरं तंबूंमुळे उन्हाळ्यात घरी राहतात. बाळहिरडा आहे, पण त्याचा भाव व्यापारी ठरवणार. डीजेवाले बहुतेक बाहेरून जागा भाड्याने घेऊन आलेले, गावातले कमी. त्यांचं मी समर्थन करत नाही.

ताई, गाळात कोणी रुतलं नाही का? दरवर्षी एक तरी असतं.

---

खडूफळा :

@शेंडीफाटा, अहो, ते लिहायचंच राहिलं!

जूनच्या पहिल्या आठवड्यात. एक तरुण, चांगला धिप्पाड, पाण्याला हात लावायचाच म्हणून निघाला. पुतण्या ओरडतोय, "दादा, तिकडून नको." वरची पापडी कडक दिसते, बिस्किटासारखी, आत सगळं लोणी. चार पावलं गेला आणि मांडीपर्यंत आत. पाय काढायला जोर केला की दुसरा आणखी खाली. मित्र व्हिडिओ काढताहेत, हसताहेत. मग त्याचा चेहरा बदलला तसे ते थांबले आणि दोघं त्याला ओढायला पुढे निघाले. नवऱ्याने त्यांना कॉलर धरून मागे खेचलं, नाहीतर तिघं रुतले असते.

वहिनींनी ओसरीवरची बाज सरकवली. ती गाळावर उपडी टाकली, पुढे दुसरी. नवरा त्यावर पोटावर झोपून सरकत गेला. त्याला सांगितलं, ओढू नकोस, बाजेवर छाती टेक, पाय गोल गोल हलव, आत पाणी जाऊ दे. पंचवीस मिनिटं लागली. पाय सुटताना जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. एक बूट आतच राहिला. बाहेर आल्यावर तो पोरगा दहा मिनिटं काही बोलला नाही, नंतर वहिनींना म्हणाला, "मावशी, बाजेचे किती द्यायचे?" वहिनी म्हणाल्या, "धुऊन दे." त्याने खरंच धुतली. बारा बादल्या पाणी लागलं. ते पाणी कुणी वर आणलं ते आता तुम्हाला माहीत आहे.

---

घाटवाट :

लाइफ जॅकेट होते का? दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या धरणात पोहायला गेलेल्याची बातमी असतेच.

---

खडूफळा :

सहा होते, पण पोहायला आम्ही सोडतच नव्हतो. बोर्ड लावला होता, "येथे उतार अचानक आहे." कुणी वाचत नाही. मग नवऱ्याने खाली लिहिलं, "येथे मोटरचा करंट आहे." ते सगळ्यांनी वाचलं.

---

कट्टेकरी :

काकूंना (की ताईंना?) साष्टांग. पुढच्या वर्षी बुकिंग घेणार का?

---

खडूफळा :

ताईच म्हणा. दादांचा पाय बरा आहे, आता ते चालतात. तेरा जूनला आम्ही तंबू धुऊन, वाळवून, घड्या घालून माळ्यावर टाकले. तेरा तंबू. दुसऱ्या दिवशी पुण्याला, पंधराला शाळा. पहिल्या तासाला हजेरी घेताना नऊ नंबरपाशी मी थांबले, मुलांना कळेना बाई का हसताहेत.

---

शेंडीफाटा :

ताई, एक विचारायचं राहिलं. नारंगी तंबू म्हणालात. नंबर मार्करनं घातलेला, एका कोपऱ्यात? आणि चेन अर्धी अडकते?

---

खडूफळा :

अडकते! अर्ध्यावर. तुम्हाला कसं माहीत??

---

शेंडीफाटा :

आत्ता घरी फोन लावला. आमच्या चुलत्याला मासे धरायला गेला तेव्हा पलीकडच्या काठाला सापडला. सध्या सरपण नि गोवऱ्या त्याच्यात आहेत, एवढा पाऊस झाला तरी कोरड्या. चुलते म्हणतात, तंबू चांगला आहे, पण खुंट्या नाहीत, दगड लावावे लागतात.

---

खडूफळा :

नवऱ्याला वाचून दाखवलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या तंबूच्या विषयावर हसला. दादांनाही फोन केला, ते म्हणतात सरपण असू दे त्याच्यात. खुंट्या दहा आहेत, पिशवीत बांधून दादांकडे ठेवल्यात. चुलत्यांना म्हणावं, रतनवाडीकडे येणं झालं तर घेऊन जा.